लाभ, दोन, तीन

लाभ

झरीत बसवंतराव मापाडी रास मोजायला बसले की अर्ध्या गावाला कळायचं, कुणाच्या खळ्यात काय पिकलं ते. आवाजच तसा होता. पायली भरून ओतली की पहिल्या मापाला म्हणायचे, ‘लाभ!’ मग ‘दोन’, मग ‘तीन’. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, हा मोजणाऱ्यांचा जुना दस्तुर. एक म्हटलं की रास एकटी पडते, बरकत जाते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाकुणाची ज्वारी मोजली असेल याला गणती नाही, पण राशीवर बसून त्यांच्या तोंडून ‘एक’ कधी निघाला नाही. आणि या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. असावा की! माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

पुढं पायल्या गेल्या, वजनकाटे आले, आणि बसवंतराव ओट्यावर बसून राहायला लागले. राहता राहिला आवाज. तो आवाज पुण्यात आणि हैदराबादेत पोचेल, असं कुणी म्हटलं असतं तर गावानं त्याला येड्यात काढलं असतं. पण तो पोचला, आणि पोचवला त्यांच्या लेकीनं, त्रिवेणीनं.

त्रिवेणी परभणीला कॉम्प्युटरचं शिकून आली होती आणि घरी बसून एका कंपनीचं काम करायची. आठवडाभर कंपनीचं, रविवारची दुपार मात्र तिची स्वतःची. त्या दुपारी चार जण आपापल्या गावी कॉम्प्युटरपुढं बसायचे, कानाला हेडफोन लावून. त्रिवेणी गोष्ट सांगायची आणि ते चौघं गोष्टीतली माणसं व्हायचे. पडद्यावर तळघराचा नकाशा, त्यावर प्रत्येकाची एकेक गोल सोंगटी. सापळ्यावर सोंगटी गेली की फासे टाकायचे, आणि जो आकडा पडेल तेवढे त्या माणसाचे जीव कमी करायचे.

आता हे जीव कमी करायचं काम म्हणजे नुसता वैताग. फासे टाका, बेरीज करा, ‘माझ्याकडं ढाल होती’ म्हणून भांडणारा ऐका, वजा करा. गोष्टीचा पार चुथडा व्हायचा. त्रिवेणीनं डोकं चालवलं आणि सापळाच असा बांधला, की सोंगटी वर आली रे आली, फासा आपोआप पडावा, जीव आपोआप कमी व्हावेत, पडद्यावर ओळ उमटावी, आणि आकडा माणसाच्या आवाजात ऐकू यावा. तो आवाज कुणाचा, हे काय विचारायचं!

“बोला आप्पा,” तिनं माईक पुढं धरला.

बसवंतरावांनी घसा खाकरला. “मी बसवंतराव. आन ही माझी एकुलती एक लेक, त्रिवेणी. लय हुशार हाय.”

“अवो आप्पा, आकडे बोला आकडे!”

हे त्यांचं नेहमीचंच. दारात पाहुणा आला, दूधवाला आला, कुणीही आला तरी आधी हेच: माझी एकुलती एक लेक. त्रिवेणी लहान होती तेव्हापासून घरात कुठंही असली तरी तिथून ओरडायची, “ओ आप्पाऽ!” आणि बापलेक दोघं हसायचे. त्या दिवशीही हसले. मग बसवंतरावांनी मांडी घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, “लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा.”

दोन

सापळ्याला नाव दिलं होतं पेव. झरीतल्या म्हाताऱ्यांना पेव सांगावं लागत नाही, पण खेळणाऱ्या शहरी पोरांना त्रिवेणीनं नीट समजावून सांगितलं होतं. जमिनीत खोल खड्डा, वरचं तोंड एका माणसापुरतं, आत पोट मोठं. त्यात धान्य साठवायचं आणि तोंड बंद करायचं. उघडल्यावर एकदम उतरायचं नाही. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत हवा नाही. उतरलेला माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता पेंगतो आणि झोपी जातो.

तिला हे माहीत असायचं कारण म्हणजे ती ज्या खोलीत बसायची, ती खोली पेवावरच बांधलेली होती. नवं स्लॅबचं घर बांधताना जुनं पेव मुरमानं बुजवलं, वर फरशी टाकली. खोली थंड राहायची, आवाज बाहेरचा आत येत नव्हता. खेळाला एकदम झकास.

खेळातल्या पेवानं सगळ्यांना वेड लावलं. काळं गोल तोंड, त्यावर सोंगटी गेली की खालून यावा तसा आवाज: “पाच!” आणि पडद्यावर ओळ: ‘पेवात पडला’, पुढं ज्याचा त्याचा गडी. चौघांचीही पात्रं पुरुषांची होती, अर्पितासुद्धा भालाईत व्हायची, म्हणून त्रिवेणीनं सरसकट ‘पडला’च लिहून ठेवलं होतं.

खोड काढली ती या पुण्याच्या अर्पितानंच. “त्रिवेणी, सापळा अफलातून आहे गं, पण ते ‘लाभ’ काय आहे? जीव गेला आणि वर लाभ? एक म्हणायला सांग ना काकांना.”

“अगं, मोजताना तसंच म्हणतात,” परभणीचा सिद्धोधन मधे पडला. “आमच्याकडं एक म्हणत न्हाईत.”

“बघणाऱ्यांना कळणार नाही रे. पुढच्या महिन्यात आपण हे सगळ्यांना लाईव्ह दाखवणार आहोत.”

हे खरं होतं. असे खेळ खेळणाऱ्यांच्या पुण्यातल्या एका मोठ्या मंडळानं त्रिवेणीचा सापळा पाहिला होता आणि एका रविवारी देशभरच्या खेळाडूंपुढं तो तिनं स्वतः दाखवावा असं ठरलं होतं. झरीची पोरगी, आणि शिकवणार सगळ्यांना! त्रिवेणीला रात्री झोप लागत नव्हती, इतकी ती हरखली होती. तिथं कुणी ‘हे काय गावंढळ’ म्हणून हसू नये, एवढंच तिला वाटत होतं.

तिनं आप्पांना विचारून पाहिलं. बसवंतराव एकदम गंभीर झाले.

“न्हाई माय. बाकी काय बी म्हणतो. मोजताना एक म्हणायचं न्हाई. एक म्हणलं की ज्याला मोजलं तो एकटा पडतो.”

“आप्पा, खेळ हाय नुसता.”

“मोजणं ते मोजणं.”

मग त्रिवेणीनं हिकमत केली. पहिल्या रेकॉर्डिंगमधलं ते मिरवणं तिच्याजवळ होतंच. ‘माझी एकुलती एक लेक.’ त्यातला मधला ‘एक’ तिनं अलगद कापला, ‘लाभ’च्या जागी बसवला. इतका सफाईदार कापला की कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्या बापाला तर तिनं सांगितलंच नाही. कामावर ती स्वतः मात्र बेहद्द खूश होती.

तीन

पुढच्या रविवारी खेळ नेहमीसारखा सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस. माईकमधे घरघर येते म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. चौघांच्या सोंगट्या तळघराच्या पायऱ्यांपाशी उभ्या होत्या, पेवापासून लांब, आणि आत शिरायचं की नाही यावर त्यांचा वाद चालला होता.

“एक,” आवाज आला.

“अरे, कोण पडलं?” अर्पितानं विचारलं.

कुणीच पडलं नव्हतं. पेवाचं तोंड मोकळं होतं. त्रिवेणीनं ओळ पाहिली. तिथं लिहिलं होतं, ‘पेवात पडली’. पुढं नाव नव्हतं.

“घ्या! सापळ्याला भूक लागली,” सिद्धोधन म्हणाला आणि सगळे हसले. त्रिवेणीही हसली. लिहिताना चुकलं असेल काहीतरी, एखादी खूण जास्तीची पडली असेल. खेळ पुढं गेला. थोड्या वेळानं परत तेच, “एक,” आणि परत तीच ओळ.

घराबाहेर पडल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं, तसं तिला काहीतरी खटकत राहिलं. खेळ संपल्यावर तिनं ती ओळ पुन्हा वाचली तेव्हा कळलं. पडली. तिनं लिहिलं होतं ‘पडला’. सगळा सापळा उलटापालटा करून पाहिला. त्यात ‘पडली’ हा शब्दच नव्हता.

बाहेर आली तेव्हा तिचं डोकं जड झालं होतं. आई, महानंदाबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“डोळे कामून मिटायलेत गं तुझे? झोपली व्हतीस का काय?”

“गरमायलंय आत. पंखा बंद ठिवावा लागतो.”

“गरमायलंय? आन अंग तर गार लागायलंय तुझं,” तिचा हात धरून महानंदाबाई म्हणाल्या.

चार

त्रिवेणी काही भिणारी पोरगी नव्हती, आणि कॉम्प्युटरचं काम करणाऱ्याला ठाऊक असतं की यंत्राला भूतबाधा होत नाही, आपली चूक होते. ती चूक शोधायला बसली. फासा पुन्हा पुन्हा टाकला. आकडे सरळ पडत होते. पेवावरून सोंगटी फिरवली. ओळ नीट येत होती, ‘पडला’. हात मागं घेतला आणि चहाचा कप उचलला.

“एक.”

‘पेवात पडली.’

 मग तिनं तो कापलेला ‘एक’च पुसून टाकला आणि ‘लाभ’ परत जागेवर बसवला. कटकट मिटली म्हणून सुस्कारा सोडला. जरा वेळानं आवाज आला तो पुन्हा “एक”च, पण या वेळी एकटा नव्हता.

“एक ले,” आवाज म्हणाला आणि तिथंच तुटला.

तिनं जिथं कापला होता, त्याच्या पुढचा तुकडा. तो तिनं कधी वापरलाच नव्हता. उरलेलं कुठंतरी साठून राहिलं असेल, पुसताना सरमिसळ झाली असेल, होतं असं, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावताना जांभई आली. दुसरी आली. टेबलावर डोकं टेकावं, जरा पडावं, असं फार गोड वाटायला लागलं.

महानंदाबाईंची पूजा आटोपली होती. त्या निरांजन घेऊन घरभर फिरवत होत्या, तशा या खोलीतही आल्या. निरांजन देवाच्या फोटोपुढं धरलं, नीट जळत होतं. कॉम्प्युटरपुढं धरलं, जळत होतं. मग लेकीच्या पायावरून ओवाळावं म्हणून वाकल्या आणि टेबलाच्या खाली हात गेला तशी वात विझली. वारा म्हणावा तर खिडकी बंद. त्यांनी बाहेर जाऊन परत पेटवून आणलं, परत खाली धरलं. परत विझलं.

महानंदाबाई माहेरच्या वालूरच्या. पेवं त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्या सरळ उभ्या राहिल्या.

“त्रिवे, ऊठ. उद्यापासून बैठकीत बस.”

“आई, तार इथं आलीय इंटरनेटची. आन येत्या रविवारी माझा कार्यक्रम हाय.”

“तार गेली खड्ड्यात. ऊठ म्हणते ना!”

“एवढा एक रविवार,” त्रिवेणी म्हणाली. बोलून गेल्यावर तो शब्द तिला तोंडात कसातरीच लागला.

सापळा बंद ठेवावा, आजारी आहे म्हणून कळवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण मग दाखवायचं काय? ही संधी झरीतल्या कुणाला मिळाली होती? आणि आप्पांनी तर गावभर सांगून ठेवलं होतं. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, देवळात. ‘माझा आवाज आता साऱ्या मुलखात जायलाय, लेकीनं धाडलाय.’ आता माघार घ्यायची तर त्या म्हाताऱ्यानं तोंड कुठं दाखवायचं?

पाच

रविवार आला. बसवंतरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, कपाळाला विभूती लावली आणि ओट्यावर किशनराव शेजाऱ्याला शेजारी घेऊन बसले. त्रिवेणीनं बजावलं होतं, “आप्पा, आज खोकायचं सुद्धा न्हाई. देश ऐकायलाय.”

“तोंडाला कुलूप,” म्हातारा म्हणाला आणि उपरणं तोंडावर धरून बसला.

खोलीचं दार लागलं. त्रिवेणी बोलायला लागली आणि काय बोलली! पहिल्या वाक्याला जरा अडखळली, मग जीभ सुटली. सापळा कसा बांधला, फासा आपोआप का पडावा, खेळणाऱ्याला विचार करायला उसंत न देता जीव कसा जावा. पडद्याच्या कडेला लोकांच्या शाबासक्या भराभर वर सरकत होत्या. तिचा ऊर भरून आला. असं कधी झालं नव्हतं.

“आता दाखव ना,” अर्पिता म्हणाली. “माझा भालाईत नेते पेवावर.”

भालाईत निघाला. अजून दोन घरं बाकी होती.

“एक.”

‘पेवात पडली.’

“थांबा हं,” त्रिवेणी म्हणाली. तिला वाटलं आपण मोठ्यानं म्हणालो, पण तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. “एक,” पुन्हा. डोकं जड. “एक लेक,” आवाज म्हणाला, स्वच्छ, न तुटता. आवाज हेडफोनमधून येत नव्हता. हेडफोन कधीच घसरून गळ्यात आले होते. आवाज पायाखालून येत होता.

पेवाच्या काळ्या तोंडावर एक सोंगटी होती. तिनं बनवलेली नव्हती. सोंगटीवर चित्र असतं ते वरून पाहिल्यासारखं, तसंच याही सोंगटीवर होतं: एका पोरीचं डोकं. मधोमध भांग, मागं पिवळा चाप, गळ्यात हेडफोन. त्रिवेणीचा हात आपोआप केसांकडं गेला. सोंगटीतल्या पोरीचाही हात केसांकडं गेला.

तिनं वर पाहिलं. वर बंद पंखा होता, बाकी काही नाही. आणि पंखा फार उंच दिसत होता, छतसुद्धा दूर गेलं होतं, एका माणसापुरत्या भोकातून दिसावं तेवढंच. ओरडायचं तिच्या मनात होतं. पण झोप इतकी गोड होती.

बाहेर ओट्यावर किशनराव म्हणाले, “बसवंतराव, तुमचाच आवाज की हो! पण एक कामून म्हणायलाव तुमी?”

म्हातारा ताडकन उठला.

“मी एक म्हणतो? मी?”

देश ऐकत असो नाहीतर नसो, त्यांनी दार लोटलं. लेक खुर्चीत मान टाकून बसलेली, डोळे अर्धवट, ओठ निळसर. खालून त्यांचाच आवाज येत होता, त्यांच्याच ठसक्यात: “एक.” बसवंतरावांनी तिच्या काखेत हात घातले, पण पोरगी हलेना, धान्याच्या पोत्यासारखी जड झाली होती. मागून महानंदाबाई हंबरडा फोडत होत्या.

तेव्हा म्हाताऱ्यानं काय केलं? खाली बसला. फरशीवर मांडी घातली, राशीपुढं घालायचा तशी, आणि छाती भरून ओरडला.

“लाभ!”

खालून आवाज आला, “एक.”

“लाभ म्हणतो मी! झरीच्या बसवंतरावानं मोजलंय, कुणाची मजाल हाय एक म्हणायची? लाभ! दोन!”

“एक,” पण जरा लांबून.

“तीन! चार!”

चारला त्रिवेणीनं श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा मोठा. पाचला खुर्ची हलली. सहाला बसवंतरावांनी लेकीला मिठीत धरून उंबऱ्याबाहेर ओढलं आणि दोघं ओट्यावर येऊन कोसळले. म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा सुटला होता, विभूती घामानं ओघळली होती, आणि तो रडत होता. लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून रडत होता.

ओढाताणीत हेडफोनची तार निसटली होती, आणि आत कॉम्प्युटरमधून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता. ‘काकांनी शेवटी काय केलं! अंगावर काटा आला!’ अर्पिता ओरडत होती.

सहा

त्रिवेणीचं नाव झालं. उगाच कशाला लपवायचं, झालंच. तिचा सापळा ठिकठिकाणच्या खेळांत गेला. ज्यानं त्यानं आपापले आवाज घातले, आणि तिनं प्रत्येकाला एकच अट घातली, पहिल्या आकड्याला लाभ म्हणायचं. लोकांना ती गंमत वाटली. आता तिकडं मुंबईची पोरंसुद्धा म्हणतात, लाभ.

खेळ ती बैठकीत बसून खेळते, पंखा लावून. तार महानंदाबाईंनी भिंतीत भोक पाडून बैठकीत आणवली. मागची खोली बंद असते. तिथं वाळलेल्या मिरच्या ठेवतात, आणि आत असताना खालून काही ऐकू आलं तर ओ द्यायची नाही, अशी महानंदाबाईंची सक्त ताकीद आहे.

एक गोष्ट तेवढी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहुणा आला तेव्हा बसवंतराव नेहमीसारखे ताठ बसून म्हणाले, “ही माझी” आणि गप्प झाले. मग म्हणाले, “लेक.” मधे जागा राहिली. पाहुण्याला काही वाटलं नाही. बसवंतरावांनाही नाही, आपण बोललो असंच त्यांना वाटलं. पुढं प्रत्येक वेळी तसंच. “ही माझी... लेक. लय हुशार हाय.” ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. ‘एकुलती एक’, बरोबर तेवढाच तुकडा. कुणीतरी सफाईनं कापून घ्यावा तसा.

महानंदाबाई आणि त्रिवेणी एकमेकींकडं बघायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

परवा दुपारी मिरच्या आणायला त्रिवेणी मागच्या खोलीत गेली. दार उघडं ठेवून, पायानं फळी अडकवून, घाईघाईनं. ओट्यावर बसवंतराव किशनरावांशी सोयाबीनच्या भावावर बोलत होते. त्यांचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं. कॉम्प्युटर या खोलीत आता नव्हता. टेबलसुद्धा नव्हतं.

ती मिरच्या सुपात भरत होती. पायाखालच्या फरशीतून आवाज आला, बापाचा, भरदार, पूर्वी असायचा तसा, मायेनं आणि तोऱ्यानं ओथंबलेला:

“माझी एकुलती एक लेक.”

किती दिवसांनी ऐकलं ते! भीती नंतर आली. आधी ऊर भरून आला, आधी अभिमान वाटला, डोळ्यांत पाणी आलं.

आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “ओ आप्पाऽ!”